दार उघडं असताना मोटर फिरणारच नाही, हे सिद्ध कसं करायचं?

अर्धविराम: सलाइनमधून औषध सोडणाऱ्या पंपाचं सॉफ्टवेअर आम्ही चौघं मिळून लिहितो. मुख्य नियम एकच: पंपाचं दार उघडं असेल तर मोटर फिरता कामा नये. बाराशे टेस्ट आहेत, सगळ्या पास. तरी ऑडिटरने विचारलं, "कधीच फिरणार नाही कशावरून?" आमची बोलतीच बंद. फॉर्मल मेथड्स, म्हणजे सॉफ्टवेअर गणिताने सिद्ध करायच्या पद्धती, अशाच कामाला येतात ना? की त्याला गणितात पीएचडी लागते?

कोरडा_कोड: टेस्ट वाढवा, रिव्ह्यू कडक करा. फॉर्मल वगैरे पेपर लिहिणाऱ्यांसाठी.

जुनी_टेस्टर: मीही कित्येक वर्षं हेच म्हणायचे. पण पॅरिस मेट्रोची विनाचालक 14 नंबरची लाइन 1998 पासून धावतेय आणि तिचा सुरक्षेचा कोड बी-मेथड नावाच्या अशाच एका पद्धतीने सिद्ध केलेला आहे. आणि थेरॅक-25 आठवा. 1985 ते 1987 मध्ये त्या रेडिएशन यंत्राने सहा जणांना बेसुमार डोस दिला. आधीच्या यंत्रांत असलेले हार्डवेअरचे अडसर काढून सगळी भिस्त सॉफ्टवेअरवर ठेवली होती. सरावलेल्या ऑपरेटरने आठ सेकंदांच्या आत नोंद दुरुस्त केली, तर ती दुरुस्ती यंत्राच्या गावीच नसायची. जपून, सावकाश टाइप करणाऱ्या टेस्टरच्या हाती हे कसं लागावं?

अर्धविराम, सगळा कोड सिद्ध करत बसू नका. संगणकशास्त्रज्ञ लेस्ली लॅम्पोर्टची टीएलए प्लस घ्या, ही यंत्रणेचं मॉडेल लिहायची भाषा आहे. तिच्यात पंपाच्या अवस्था लिहायच्या: दार, मोटर आणि अजून पोचायचे असलेले संदेश. (हे संदेश हमखास विसरले जातात. सेन्सरने "दार उघडलं" म्हणेपर्यंत कोणीतरी स्टार्ट दाबलेलं असतं.) मग नियम लिहा: दार उघडं असेल तर मोटर बंद. घटना कुठल्याही क्रमाने घडल्या तरी तो टिकतो का, हे मॉडेल चेकर नावाचा प्रोग्राम एकेक क्रम घेऊन बघतो. पीएचडी नको, दोन आठवडे द्या. मात्र मॉडेल बरोबर निघालं म्हणून कोड बरोबर ठरत नाही, टेस्ट लागतातच.

अर्धविराम: लिहिलं. तिसऱ्याच अवस्थेत नियम मोडला! दार बंद, मोटर बंद, मोटर चालू, दार उघडलं. संपलं. आधी वाटलं आमचंच काहीतरी चुकलं.

जुनी_टेस्टर: मॉडेल बरोबर आहे, नियमच अशक्य आहे. दार माणूस उघडतो, सॉफ्टवेअरची परवानगी घेऊन नाही. एकतर मोटर थांबेपर्यंत दाराला खिट्टी हवी, नाहीतर "उघडल्यावर इतक्या वेळात थांबेल" असा नियम हवा. बाराशे टेस्टपैकी एकीनेही हे विचारलं नव्हतं, कारण त्यात दार नेहमी मोटर थांबल्यावरच उघडलेलं असणार.

निळी_फाइल: मी रुग्णालयातली उपकरणं सांभाळतो, कोडमधलं मला कळत नाही. पण दार उघडल्यावर मोटरने नळी दाबून धरलेली नसते. बाटली वर टांगलेली, क्लॅम्प उघडा राहिला तर औषध आपोआप धो धो वाहतं. मोटर बंद असताना!

जुनी_टेस्टर: हे चेकर जन्मात सांगणार नाही. आपण लिहिलंय तेवढंच तो तपासतो. आधी कागदावर "रुग्णाला इजा कशी होईल" पासून सुरुवात करून मागे या. नॅन्सी लेव्हसन यांची एसटीपीए पद्धत बघा.

अर्धविराम: मॉडेलमध्ये क्लॅम्प नव्हताच. उद्या मेकॅनिकलवाल्यांना बसवतो सोबत.