देव्हारा राजमहेंद्रीला न्यायचाय, पण सासूबाई गंगा सोडायला तयार नाहीत

पंचवटीची_सून
नमस्कार. मिस्टरांची बदली आंध्रात राजमहेंद्रीला झालीय. शाळा सुरू व्हायच्या आत निघायचंय, पंचवटीतलं भाड्याचं घर सोडणार. सामान, दाखले, गॅस सगळं होईल. अडलंय ते देवांपाशी.

सासरे गेल्यापासून देव सासूबाईच बघतात. सप्तशृंगीचा टाक (देवाची प्रतिमा ठोकलेला धातूचा पत्रा), अन्नपूर्णा, बाळकृष्ण, आणि खंडोबाचा एक टाक, घासून घासून त्याचे नाकडोळेही राहिले नाहीत. पहाटे गंगेवर (आम्ही नाशिककर गोदावरीला गंगाच म्हणतो) जायचं, येताना काळारामाचं दर्शन, मग चहा. "सिंहस्थ तोंडावर आलाय नि मी गंगा सोडून कुठे जाऊ?" तिथेही गोदावरीच आहे म्हटलं, तर म्हणाल्या, "आपलं पाणी जायकवाडीत अडतं. खाली जातं ती कोणाची गंगा?" यावर काय बोलणार!

दीर सातपूरला असतात, पण त्यांच्याकडे राहायला त्या तयार नाहीत (त्यावर सल्ला नको, प्लीज). टाक दिरांकडे ठेवून तिकडे नुसत्या तसबिरी लावल्या तर चालेल का? नवरात्रात घट तिथे बसवता येतील का? तिकडचं पंचांग वेगळं असेल ना? मी सोवळ्यातली नाही, पण देवांशिवायचं घर मला घर वाटत नाही.

गोदाकाठचा
राजमहेंद्रीला बरीच वर्षं नोकरी केली, म्हणून सविस्तर लिहितो.

पंचांगाची काळजी सोडा. तेलुगू महिने आपल्यासारखेच अमावास्येला संपतात. आपल्या पाडव्यालाच त्यांची उगादी, त्यामुळे नवरात्र, श्रावण, एकादश्या सगळं जुळतं. उत्तरेत बदली झाली असती तर पंधरवड्याचा घोळ होता, तिकडे महिना पौर्णिमेला संपतो.

सासूबाईंचं पाण्याचं गणित मात्र बरोबर आहे! तिकडे पोचणारं बहुतेक पाणी प्राणहिता, इंद्रावती, शबरी या नद्यांचं. पण त्यांना हे सांगा: गुरू सिंहेत आला की तिथे गोदावरी पुष्करम् भरतं, म्हणजे नदीस्नानाचा मेळा, बारा दिवस. 2015 ला आपल्याकडे सिंहस्थाचं ध्वजारोहण 14 जुलैला झालं, तिथलं पुष्करम्ही त्याच दिवशी सुरू झालं. आता 2027 ला पुन्हा. म्हणजे सिंहस्थ काही चुकत नाही. पुष्कर घाटावर रोज संध्याकाळी आरती असते. पात्र एवढं रुंद की रामकुंडावरच्या माणसाला आधी ही नदी वाटतच नाही, मी तर पहिल्यांदा बघून गप्पच झालो होतो.

आणि राम तिकडेही आहे. वर भद्राचलम् आहे, त्याच्या जवळ पर्णशाला नावाचं गाव. तिथले लोक शपथेवर सांगतात की सीताहरण आमच्याकडेच झालं. सासूबाईंना तिथे न्याल तेव्हा वाद घालू नका म्हणावं, मी घातला होता.

ताम्हण
टाक मागे ठेवू नका. घर हलतं तिथे कुळाचार हलतो. नाकडोळे गेलेला टाक पूजेत ठेवावा की नवा करावा, हे तुमच्या गुरुजींना विचारा, प्रत्येक घराची रीत वेगळी असते. निघायच्या दिवशी पूजा-नैवेद्य करून देव तांदळात ठेवा, लाल कापडात बांधा आणि डबा सासूबाईंच्या मांडीवर द्या. पॅकर्सच्या ट्रकमध्ये अजिबात नको.

निफाडची
खरंच गंगाच सोडवत नाहीये का, हे एकदा एकटीने बसून विचारा. माझ्या आईने बदलीच्या वेळी असंच देवांचं कारण लावून धरलं होतं. शेवटी कळलं, तिला भजनी मंडळातल्या बायका सोडवत नव्हत्या. मग दर एकादशीला व्हिडिओ कॉलवर हरिपाठ सुरू केला. आवाज मागेपुढे येतो, टाळ तर कधीच जुळत नाही, पण चालतंय.

पंचवटीची_सून
सगळ्यांचे आभार. टाक नेणार, ठरलं. निफाडच्या ताई, तुम्ही नेमकं ओळखलंत, आमच्याकडेही मंडळाच्या मावशीच आहेत मध्ये. पुष्करमचं सांगितलं तर सासूबाईंनी आधी "थापा मारतेस" म्हटलं, मग मिस्टरांना फोन लावून 2027 चं खरं का ते विचारून घेतलं. अजून हो म्हटलेलं नाही. आता विचारतायत, उपासाला तिकडे भगर मिळते का?

गोदाकाठचा
मिळते, पण आपल्यासारखी नाही. पाचेक किलो नाशिकहूनच न्या.