उ: टेन्शनर बसवल्यावर खुणा का सरकतात?

बाइकच्या इंजिनात टायमिंगच्या खुणा जुळवून कॅम (व्हॉल्व्ह उघडणारे, क्रँकवरून चेनने फिरणारे शाफ्ट) बसवले, टेन्शनर (चेन ताणून धरणारा भाग) लावताच दोन्ही कॅमच्या खुणा मागे फिरल्या, असं तुम्ही म्हणताय. म्हणजे ढील चेनच्या पुढच्या बाजूला राहिली. बाइकच्या डीओएचसी (हेडवर दोन कॅम असलेल्या) इंजिनात टेन्शनर बहुधा मागे, इनटेककडे (हवा आत घेणाऱ्या बाजूला) असतो. तो मागची ढील ओढून घेतो आणि पुढची सैल चेन कॅमना घेऊन सरकते.

क्रँक टीडीसीच्या (पिस्टन सर्वात वर असतानाच्या) खुणेवर ठेवा. पुढची चेन ताठ ओढून आधी एक्झॉस्ट कॅम (धूर बाहेर सोडणाऱ्या व्हॉल्व्हचा, पुढचा) बसवा, मग वरची चेन ताठ ठेवून इनटेक. उरलेली सगळी ढील मागे गेली पाहिजे. चेन तारेने बांधून ठेवा, आत पडली की डोकेदुखी.

कॅम जागेवर धरणाऱ्या कॅपचे बोल्ट थोडेथोडे, मॅन्युअलमधल्या क्रमाने आणि टॉर्क रेंचनेच (ठरावीक जोर मोजून आवळणाऱ्या पान्याने) आवळा. इथे घाई महागात पडते: कॅप सिलिंडर हेडसोबतच मशीन केलेले असतात, एक तडकला तर बहुतेकदा अख्खं हेड बदलावं लागतं.

स्वयंचलित टेन्शनरचा दांडा आत दाबूनच बसवा. मग स्पार्क प्लग काढून क्रँक पान्याने हातानेच दोन पूर्ण फेरे फिरवा (कॅमचा एकच फेरा होतो) आणि खुणा पुन्हा बघा. मध्येच अडकलं तर जोर लावू नका, व्हॉल्व्ह पिस्टनला टेकला असेल. टॅपेट क्लिअरन्स (कॅम आणि व्हॉल्व्हमधली फट) मोजूनच कव्हर बंद करा.