'ओपन सर्किट'ला 'खुलं' म्हणायचं तर पोरं उलटं समजतात, काय लिहू?

खानापूरकर मास्तर
गाडीच्या इलेक्ट्रिकल कामाला येणाऱ्या पोरांना मी शिकवतो. बहुतेक सगळी मराठी शाळेतनं आलेली, खानापूर-जांबोटी भागातली. त्यांच्यासाठी एअरबॅगच्या बिघाडावर चार पानं मराठीत लिहायला घेतली आणि पहिल्याच पानावर अडकलोय. डॅशबोर्डवरची एअरबॅगची लाईट चावी फिरवल्यावर थोडे सेकंद लागून विझायला पाहिजे, ती विझली नाही तर स्कॅनर लावायचा. मग कोड येतो तो बहुतेक वेळा यातलाच असतो: सर्किट ओपन (म्हणजे वाट मध्येच तुटली, करंट जात नाही), बॉडीला शॉर्ट, बॅटरीच्या प्लसला शॉर्ट, नाहीतर रेझिस्टन्स कमी किंवा जास्त. 'ओपन'ला मी 'खुला परिपथ' लिहिलं. एका पोरानं वाचून विचारलं, सर, खुला हाय म्हणजे वाट मोकळी हाय, मग बिघाड कुठला? त्याचं काय चुकलं सांगा. चोर्ला घाट खुला झाला म्हणजे गाड्या सुरू झाल्या. आणि 'बंद परिपथ' म्हणजे करंट वाहतोय असं पुस्तक म्हणतं, पण घरात आपण 'पंखा बंद कर' म्हणतो ते करंट थांबवायलाच की. दोन्ही शब्द उलटे बसलेत. कुणी नीट शब्द सुचवाल काय?

उद्यमबाग वायरमन
'कट' लिहा. लाईन कट हाय. आजपर्यंत एकानं पण विचारलं नाही कट म्हणजे काय वो म्हणून.

शब्दसंग्राहक, टिळकवाडी
'खंडित परिपथ' हा स्वच्छ शब्द असताना 'कट' कशाला? सवय नाही म्हणून शब्द अवघड वाटतो. 'महापौर' आणि 'दिनांक' सावरकरांनीच रुळवले ना, आज बेळगावात महापौर निवडणूक म्हणताना कुणाची जीभ अडखळते? मुलांना पहिल्यापासून खंडित, रोध (रेझिस्टन्स), धारित्र (कपॅसिटर) असे शब्द दिले तर तेच त्यांचे होतील. आपल्या भागात तर हे जास्त जपायला हवं, इथे मराठी शब्द आपण सोडला तर तो दुसरं कोणी सांभाळणार नाही.

उद्यमबाग वायरमन
जपायला पाहिजे हे मान्य आहे, माझी पोरं पण मराठी शाळेतच शिकली. पण 'खंडित' वाचलं की माणसाला वीजपुरवठा खंडित आठवतो, म्हणजे बिल थकलंय नाहीतर फिडरचं काम चाललंय. आणि दुसरं म्हणजे ओपन कोड आला की वायर तुटलेलीच असते असं नाही. सीटखालचा पिवळा कपलर, म्हणजे वायरी जोडायचा प्लग बघा. कोणी सीट मागंपुढं करतं, कोणी साफ करताना हात घालतं आणि कपलर अर्धा निसटतो. तिथं काही खंडित पण नाही आणि कट पण नाही, त्याला मी 'लूज' म्हणतो. स्टेअरिंगखालच्या क्लॉक स्प्रिंगची (स्टेअरिंगबरोबर फिरत बॅगेला आणि हॉर्नला करंट नेणारी गुंडाळी) चपटी पट्टी झिजली तर स्टेअरिंग सरळ असताना सगळं ठीक आणि वळवलं की लाईट, त्याला कोणता शब्द लावणार? एअरबॅगच्या लाईटबरोबर हॉर्न पण गेला असेल तर आधी तिथंच बघायचं, एवढं पोरांना लिहून द्या.

निपाणीकर
'बंद'चं मूळ बघितलं तर पुस्तक चुकीचं नाही. 'बंद' फारसीतनं आला, संस्कृत 'बंध' त्याचा सख्खा भाऊ, दोन्हीकडं अर्थ बांधणं. अंगरख्याचे बंद म्हणतो ते हेच. म्हणजे बंद परिपथ म्हणजे दोन टोकं बांधलेला परिपथ. मग त्याच्या उलट 'सुटलेला' म्हणा, 'वायर सुटली' हे सगळे म्हणतातच. सुटलेलं सर्किट, बांधलेलं सर्किट. कट नको, खंडित नको.

येळ्ळूरची सून
दादा, 'सुटलं' पण उलटंच आहे. आमच्याकडं नळाला पाणी सुटलं म्हणजे पाणी आलं, घागरी घेऊन पळायचं.
आणि 'बंद'चं सांगते. सासरे शेतातल्या मोटरीच्या पेटीजवळ उभे होते, वर खांबावर काम चाललेलं. खाली उतरल्यावर लाईनमन कन्नडमधनं ओरडला "करंट बंत", म्हणजे करंट आला. सासऱ्यांनी ऐकलं "करंट बंद" आणि उघड्या वायरीला हात लावला. लांब फेकले गेले, बोटांची कातडी जळाली, देवाच्या कृपेनं जीव वाचला. त्या दिवसापासनं आमच्या घरात करंटला 'बंद' म्हणत नाहीत. 'करंट घातलाय' आणि 'करंट काढलाय' एवढंच. आमच्या भागासाठी लिहिताय तर हे ध्यानात घ्या मास्तर, अर्धी पोरं पुढं कन्नड बोलणाऱ्या मिस्त्रीच्या हाताखाली काम करणार.

खानापूरकर मास्तर
वहिनी, हे वाचून अंगावर काटा आला. पानांवर पहिलं हेच लिहितो.
आता माझी अडचण अजून वाढली. एअरबॅगच्या कपलरमध्ये एक धातूची पट्टी असते, कपलर काढला की ती बॅगेकडच्या दोन्ही पिना एकमेकींना जोडते, म्हणजे स्टॅटिकनं वगैरे बॅग उडू नये म्हणून. त्यामुळं कपलर उघडला की बॅगेकडनं सर्किट बंद आणि कंट्रोल युनिटकडनं बघितलं तर तेच सर्किट ओपन. युनिट सतत बारीकसा करंट सोडून रेझिस्टन्स तपासत असतं, तो साधारण दोन ओहमच्या आसपास पाहिजे, वायर सुटली की ते लगेच ओपनचा कोड टाकतं. हे 'उघडल्यावर बंद होतं' असं लिहिलं तर पोरं काय समजणार?

शब्दसंग्राहक, टिळकवाडी
तिथे 'जुळलेला' आणि 'न जुळलेला' लिहा. 'खंडित' मी मागे घेत नाही, पण वहिनींचा अनुभव ऐकल्यावर 'बंद' टाळावा हे मला पटलं.

उद्यमबाग वायरमन
शब्द कुठला पण घाला, पण बॅगेच्या पिनांना साधं मीटर लावायचं नाही हे ठळक लिहा, मीटरचा करंट पण बॅग उडवू शकतो. बॅटरीचा मायनस काढून मॅन्युअलमध्ये दिलाय तेवढा वेळ थांबायचं, युनिटच्या कपॅसिटरमध्ये चार्ज राहतो. मग बॅगेच्या जागी दोन ओहमचा रेझिस्टर लावायचा आणि मायनस परत जोडून कोड पुसून बघायचा. आता परत आला नाही तर दोष बॅगेत, आला तर वायरिंग नाहीतर क्लॉक स्प्रिंग.

निपाणीकर
मघापासनं बघतोय, मास्तर लाईट 'विझली' लिहितात. आमच्याकडं लाईट 'विझला' म्हणतात. खानापूरकडं लाईट बाई आहे काय?

येळ्ळूरची सून
येळ्ळुरात पण बाईच. लाईट गेली, लाईट आली. करंट मात्र गेला.