मदत हवी आहे: ड्रिल भिंतीत सव्वा सेंटीमीटरच्या पुढे जातच नाही

रानजाई
पडद्याच्या दांडीसाठी चार भोकं पाडायची आहेत. ड्रिल सव्वा सेंटीमीटर आत जातं आणि तिथेच अडतं, नुसता कर्कश आवाज. दोन दिवस हेच चाललंय, खांदा भरून आलाय. काय चुकतंय? कुणाला तरी बोलवा असं कृपया सांगू नका. वर्षभर एकेक हत्यार घेत पेटी जमवली आहे. नळाचे वॉशर, दाराची बिजागरी सगळं स्वतः बदललंय, हेही मलाच करायचंय. लवकर सांगा, उद्या सुट्टी आहे.

सुतारपक्षी
ड्रिल कोणतं, त्यात बसवलेलं भोक पाडायचं बिट कोणतं, भिंत कसली? काहीच लिहिलेलं नाही, सांगणार काय?

कोकीळ७
आधी रिव्हर्सला नाही ना ते बघा. ते बटण हाताखाली सहज सरकतं. उलटं फिरणारं बिट नुसतं घासतं, कापत नाही.

रानजाई
रिव्हर्सला नाही, बघितलं. ड्रिल बॅटरीचं, बिट ६ एमएम. भिंत नेहमीसारखी, विटांचीच असणार.

आडवाट
भोकं पाडताच कशाला? स्प्रिंगची दांडी घ्या, खिडकीच्या खाचेत दाबून बसते. मी तीन खोल्यांत तीच लावली आहे.

रानजाई
पडदे जाड आणि दुहेरी आहेत, खाचेच्या बाहेरून लावायचेत. भोकांचंच सांगा ना.

सुतारपक्षी
बॅटरीचं छोटं ड्रिल स्क्रू आवळायला ठीक. भिंतीसाठी वायरचं, १३ एमएम चकचं (चक म्हणजे बिट धरणारा जबडा) हॅमर ड्रिल हवं, फिरता फिरता ठोकेही देणारं. हलकं म्हणून बायका ही छोटी ड्रिलं घेतात आणि अडकतात. या कामाला ताकद लागते.

निळीछत्री
ताकदीचं पटलं नाही. पंधरा वर्षं बांधकामावर काम करते आहे, मनगटं माझीही बारीकच आहेत. भोक छातीच्या उंचीला येईल अशी शिडी लावायची, एक हात मुठीवर, एक बाजूच्या दांड्यावर, आणि भार अंगाचा द्यायचा. हात वर ताणून दाबलं तर कुणाचाही खांदा भरून येईल.
रानजाई, तीन गोष्टी सांगा. भुकटी लाल पडते की करडी? बिटचं टोक कसं दिसतं? भोक खिडकीच्या किती वर आहे?

तीनचाकी
हत्यारांचा विषय निघालाच आहे तर विचारतो, माझा नळ बंद केला तरी ठिबकतो. टेफ्लॉन टेप लावली, फरक नाही.

रानजाई
भुकटी आधी पांढरट, मग करडी, तीही चिमूटभर. बिटचा पीळ थेट टोकापर्यंत आहे, टोक निळंकाळं पडलंय. खिडकीच्या चार बोटं वर.

निळीछत्री
मग झालं. वरचं सव्वा सेंटीमीटर म्हणजे प्लास्टर. त्यामागे वीट नाही, खिडकीवरची लिंटेल आहे, म्हणजे सळयांचं काँक्रीट. लाल वीट असती तर भुकटी लाल आली असती. आणि तुमचं बिट धातूत भोकं पाडायचं आहे, भिंतीत नाही. भिंतीच्या बिटच्या टोकाला कार्बाइड या फार कठीण पदार्थाची चपटी पात बसवलेली असते, दांड्याहून किंचित रुंद. निळं पडलेलं टोक तापून मऊ झालंय, ते बाजूला काढा. काँक्रीटचं ६ एमएम बिट घ्या आणि हॅमर ड्रिल एका दिवसासाठी कुणाकडून मागून आणा.

सुतारपक्षी
म्हणजे हॅमर ड्रिल, मी तेच म्हणत होतो. नाहीतर दांडी लांब घ्या आणि ब्रॅकेट लिंटेलच्या बाहेर विटेत लावा.

निळीछत्री
लिंटेल खिडकीच्या दोन्ही बाजूंना साधारण १५ सेंटीमीटर भिंतीत टेकलेली असते, कधी कधी अख्ख्या भिंतीभर सलग असते. भुकटी लाल दिसेपर्यंत खात्री नाही. ताकदीचंही पुरं सांगते. हॅमर ड्रिलला थोडं दाबावं लागतं. रोटरी हॅमरमध्ये हवेच्या दाबावर चालणारा दट्ट्या ठोके देतो, त्याला नुसता आधार दिला तरी पुरतं. तो मिळाला तर उत्तम, पण त्याचं बिट वेगळ्या खाचेचं असतं, तेही सोबत मागा.

कोकीळ७
गॉगल आणि मास्क लावा, वर बघून काम आहे. स्विचबोर्डाच्या सरळ वर किंवा खाली भोक नको, वायरी तिथूनच गेलेल्या असतात.

आडवाट
पेटीत काय काय आहे? मी ४२ तुकड्यांचा तयार संच घेतला, गुलाबी मुठींचा. पक्कड महिन्यात ढिली झाली.

निळीछत्री
तयार संच नकोच. चांगली पक्कड, स्क्रू पाना, दोन स्क्रू ड्रायव्हर, मीटर टेप. सुटं घ्या, हातात धरून घ्या. मूठ तळव्यात बसते का हे बघायचं, रंगाचं काय.

रानजाई
झाली चारही! हॅमर ड्रिल शेजारून मिळालं. प्लगपेक्षा (स्क्रू धरून ठेवणारी भोकातली खुंटी) एक सेंटीमीटर जास्त खोलीवर बिटला टेप गुंडाळली, मध्ये मध्ये बिट बाहेर काढून भुकटी झटकली. पहिल्या दोन भोकांत प्लग हातोडीच्या दोन ठोक्यांत घट्ट बसले. तिसऱ्यात बिट एकदम उडायला लागलं आणि करड्या भुकटीत चकचकीत कण दिसले. सळई असणार म्हणून लगेच थांबले, ब्रॅकेट ३ सेंटीमीटर सरकवला. ते अर्धं भोक कशाने भरू?

निळीछत्री
बरं केलंत, सळईवर जोर करायचाच नाही. भुकटी झटका, भोक आतून ओलं करा आणि भिंतीची पुट्टी दाबून भरा. वाळली की घासून रंग.

तीनचाकी
माझा नळ?

रानजाई
टेफ्लॉन टेप आट्यांतून गळत असेल तर लावतात, ठिबकण्यावर तिचा उपयोग नाही. नळ पेचाचा आहे की एका दांडीचा? आणि पाणी तोंडातून येतं की मुठीखालून? पेचाचा असेल आणि तोंडातून येत असेल तर वॉशर झिजलाय. आधी खालचा अँगल कॉक (त्या नळाचं पाणी बंद करायची छोटी चावी) बंद होतो का ते बघा आणि नळाचा फोटो टाका.