जीनस्टीलर कल्ट घेऊ का? सल्ला हवा

फासेबहाद्दर
वॉरहॅमर ४०के या टेबलावरच्या बाहुल्यांच्या युद्धखेळात दीड वर्षं स्पेस मरीन्स ही फौज खेळतोय. समोरासमोर उभं राहून गोळ्या झेलायचा कंटाळा आलाय. जीनस्टीलर कल्ट ही दुसरी फौज खुणावतेय: खाणकामगारांचा वेष, अचानक शत्रूच्या पाठीमागे उगवायचं, मेलेली तुकडी पुन्हा हजर. अगदी गनिमी कावा! नियमांची दहावी आवृत्ती, फौज २००० पॉइंटांची. झेपेल का मला?

कोपऱ्यातला
मी हीच फौज खेळतो. आधी हिशेब बघा. राखीव (डाव सुरू झाल्यावर टेबलावर येणारी) तुकडी शत्रूपासून ९ इंचांहून लांब उतरते. लगेच चार्ज (धावून जाऊन हातघाई) करायचा तर दोन फाशांवर मिळून ९ हवेत, म्हणजे ३६ पैकी १० शक्यता. जेमतेम २८ टक्के. दोन्ही फासे पुन्हा टाकायला मिळाले तरी ४८च. मागच्या रविवारी दहा ॲकोलाइट्स (कल्टचे सैनिक) समोरच्याच्या तोफांमागे उतरवले. पडले काय, तर ३ आणि २. अंगाने नाजूक, चिलखतही पातळ. पुढच्या टर्नला त्याने साध्या बोल्टर बंदुकांनी सगळे झाडून काढले.

तेव्हापासून हँड फ्लेमरवाले (आग ओकणारी पिस्तुलं) ॲकोलाइट्स नेतो. पल्ला १२ इंच, नेमासाठी फासा (हिट रोल) टाकावाच लागत नाही, उतरल्या उतरल्या जाळता येतं.

पण खरी मजा उतरायच्या आधीच असते. एकदा एका भिडूने कोपरा राखायला दोन चांगल्या तुकड्या तीन राउंड मागे बसवून ठेवल्या. माझा तिकडे उतरायचा विचारही नव्हता! मधली ऑब्जेक्टिव्ह (ताब्यात ठेवली की गुण देणारी जागा) तोवर माझ्याकडे.

गनिमी काव्याचं मात्र डोक्यातून काढा. मावळे मारून पसार व्हायचे. इथे गुण हवेत तर ऑब्जेक्टिव्हवर ठाण मांडावं लागतं, आणि कल्टला नेमकं तेच जमत नाही.

जुनाखेळिया
वरच्यांनी दुखरी जागा सांगितलीच नाही. तुमच्याच स्पेस मरीन्सची इन्फिल्ट्रेटर्स ही तुकडी! त्यांच्यापासून १२ इंचांच्या आत समोरच्याच्या कोणत्याच राखीव तुकडीला उतरता येत नाही. ६० बाय ४४ इंचांच्या टेबलावर अशा दोन तुकड्या नीट पसरल्या की उतरायला उरतात फक्त निरुपयोगी कोपरे. मेलेल्या तुकडीचा ॲम्बुश मार्करही (ती पुन्हा जिथे उगवणार त्या जागेची खूण) शत्रू ९ इंचांत आला की उचलावा लागतो. शिवाय निम्म्याहून जास्त फौज राखीव ठेवता येत नाही, म्हणजे उरलेल्यांनी पहिला राउंड कुठेतरी दडून काढायचा. टेबलावर आडोसे कमी असतील तर खेळ तिथेच आटोपतो.

आणि रंगकाम! शंभरेक डोकी होतात. पावसाळ्यात स्प्रे प्रायमर (रंगाआधीचा थर) मारू नका, माझ्या वीस नियोफाइट्सवर (कल्टचे साधे सैनिक) पांढरी बुरशी आल्यासारखं झालं होतं.

फासेबहाद्दर
बाप रे. मग आधी एकच डबा घेतो. बाकी माझे मरीन स्काउट्सच प्रॉक्सी, म्हणजे बदली बाहुल्या, म्हणून चालतील?

जुनाखेळिया
चालतील, फक्त कोण कोण आहे ते डाव मांडतानाच सांगा. शनिवारी या. इन्फिल्ट्रेटर्स मी आणतो.