दूरचं ६/६, पण पुस्तक हातात घेतलं की डोळे दुखतात: नेमकं काय तपासून घ्यावं?

चौथीची_आई

मुलगा ९ वर्षांचा, मराठी माध्यम. शाळेच्या तपासणीत दोन्ही डोळे ६/६, फळा स्वच्छ दिसतो. वाचायला बसला की दहा-पंधरा मिनिटांत कपाळ धरतो, डोळे चोळतो, ओळ सुटते किंवा तीच ओळ परत वाचतो. मधूनच एक डोळा तळहाताने झाकून वाचतो. आपण वाचून दाखवलं तर सगळं समजतं. नेत्रतज्ज्ञांनी थेंब न घालता तपासून "नंबर नाही" म्हटलं. एका व्हिजन थेरपी सेंटरने ४० सेशनचं पॅकेज सांगितलंय, पैसे आधी, आणि वाचनही सुधारेल म्हणतात. त्यांच्या कागदावर हे आकडे आहेत:

कव्हर टेस्ट: दूर १ एक्सो, जवळ ८ एक्सो
एनपीसी: ११/१५ सेंमी
जवळ बेस-आउट ब्रेक: १२
अँप्लिट्यूड: उजवा १३, डावा १३
फ्लिपर: एकेक डोळा ८ सायकल, दोन्ही मिळून २, प्लसला अडकतो
स्टिरिओ: ४० सेकंद

याचा अर्थ काय? अजून काय तपासायचं राहिलंय? आणि ४० सेशन खरंच लागतात का?

भिंगवाला

ताई, आकडे लिहिलेत ते फार बरं केलंत. सेंटरबद्दल नंतर बोलू, पण तपासणी त्यांनी व्यवस्थित केलेली दिसते.

आधी ६/६ चं. तो तक्ता ६ मीटरवर असतो, एकेका डोळ्याने, काही सेकंद वाचायचा. पुस्तक असतं ३०-३५ सेंमीवर. तिथे दोन्ही डोळे आत वळवून एकाच अक्षरावर आणायचे, जवळजवळ ३ डायॉप्टर (भिंगाच्या ताकदीचं एकक) फोकस लावायचा आणि हे सगळं अर्धा तास धरून ठेवायचं. तक्त्यावर यातलं काहीच तपासलं जात नाही. म्हणून शाळेचा शेरा आणि मुलाची तक्रार दोन्ही खरे असू शकतात.

आता तुमचा कागद. एनपीसी म्हणजे वस्तू नाकाकडे आणताना ज्या अंतरावर एकाची दोन होते ते, आणि मागे नेताना परत एक होते ते. पहिला आकडा ६ सेंमीच्या आत हवा, इथे ११ आहे. 'एक्सो' म्हणजे एक डोळा झाकला की तो बाहेरच्या बाजूला सरकतो. थोडा सगळ्यांचाच सरकतो, पण दूरपेक्षा जवळ ४ प्रिझमने (डोळा किती वळतो याचं एकक) किंवा त्याहून जास्त सरकत असेल तर लक्ष द्यायचं. इथे फरक ७ चा आहे. तिसरा आकडा बेस-आउट, म्हणजे डोळे आत वळवायची राखीव ताकद. ती सरकण्याच्या निदान दुप्पट हवी: ८ ला १६. मुलाकडे १२ आहे. तिन्ही गोष्टी एकाच दिशेला बोट दाखवतात, कन्व्हर्जन्स इन्सफिशिअन्सी. डोळे जवळ वळतात, पण वळलेले टिकत नाहीत.

फ्लिपर म्हणजे प्लस आणि मायनस भिंगं आलटून पालटून डोळ्यासमोर धरून अक्षर स्पष्ट करायला लावणं; मिनिटात किती वेळा जमलं त्या सायकल. तो आकडाही याला धरूनच आहे. एकेक डोळा ८ सायकल म्हणजे फोकसची यंत्रणा ठीक. दोन्ही मिळून अडकतो आणि तेही प्लसलाच. प्लस भिंगाने फोकस सैल पडतो, त्याबरोबर डोळ्यांचं आत वळणंही कमी होतं, आणि ती तूट भरून काढायची राखीव ताकद त्याच्याकडे नाही. अँप्लिट्यूड, म्हणजे डोळ्याची फोकस लावायची कमाल ताकद, १३ डायॉप्टर आहे. या वयाला किमान अपेक्षा १५ वजा वयाचा पाव भाग, म्हणजे पावणेतेरा. काठावर, पण चालेल. हा आकडा ८-९ आला असता तर मी कन्व्हर्जन्सऐवजी आधी फोकसचा दोष धरला असता. तिथे उपचार वेगळा, बऱ्याचदा जवळच्या कामासाठी प्लसचा चष्मा.

राहिलेली तपासणी म्हणजे थेंब घालून नंबर. ही सगळ्यात महत्त्वाची आणि नेमकी तीच झालेली नाही. ९ वर्षांच्या मुलाकडे १२-१३ डायॉप्टर फोकस असतो. त्याला +२ किंवा +३ चा नंबर असला तरी तो फोकस लावून लपवतो आणि ६/६ वाचून दाखवतो. थेंबांनी फोकस काही काळ बंद पडला की खरा नंबर बाहेर येतो. थेंबांशिवाय "नंबर नाही" हे मुलांच्या बाबतीत अर्धंच उत्तर.

दुर्बीण

भिंगवाल्यांच्या मुद्द्याला एक पुरवणी. थेंबांनंतर प्लस नंबर निघाला तर तो पूर्ण द्यायचा की थोडा कमी, हे विचार करून ठरवावं लागतं. पूर्ण प्लस दिला की फोकस सैल होतो आणि जवळचा एक्सो वाढू शकतो. म्हणून चष्मा घालून चार-सहा आठवड्यांनी एनपीसी आणि बेस-आउट परत मोजायचे आणि मगच थेरपीचं ठरवायचं. दुकानात थेट मशीनवर नंबर काढून चष्मा करू नका.

आणि थेरपीच्या रांगेत उभं राहण्याआधी हे नाही ना बघा: एक डोळा सतत तिरळा, अलीकडेच सुरू झालेलं दोन-दोन दिसणं (विशेषतः दूरचं), सकाळी उठल्याउठल्या डोकेदुखी आणि उलटी, पापणी पडणं, मान सतत एका बाजूला कलती, बाहुलीत पांढरी झाक. यातलं एक जरी असलं तरी व्यायाम बाजूला, त्याच आठवड्यात नेत्रतज्ज्ञ. दोन-दोन दिसणं किंवा सकाळची उलटी असेल तर त्याच दिवशी. बाहुलीमागचा पडदाही थेंब घातलेले असतानाच बघून घ्यायला सांगा, एका फेरीत दोन्ही होतं.

शाळेच्या तपासणीची आणखी एक गंमत: मुलं डोळा बोटांनी झाकतात आणि फटीतून बघतात. एका डोळ्याची नजर कमी असली, म्हणजे आळशी डोळा, तरी ६/६ लिहून येतं. तुमच्या मुलाला स्टिरिओ, म्हणजे दोन्ही डोळ्यांनी मिळून खोली जाणवणं, ४० सेकंद (हे कोनाचं माप, वेळेचं नाही; कमी तितकं चांगलं) आहे, तेव्हा ती शंका जवळजवळ मिटते. पण हे वाचणाऱ्या बाकीच्यांसाठी: आळशी डोळ्यात आधी बरोबर नंबरचा चष्मा, कित्येक मुलांची नजर तीन-चार महिन्यांत नुसत्या चष्म्यानेच सुधारते. मग गरज उरली तर चांगल्या डोळ्यावर पट्टी. मध्यम दोषात रोज २ तासांची पट्टी ६ तासांइतकीच उपयोगी ठरते, हे अमेरिकेतल्या पीईडीआयजी गटाच्या चाचण्यांत दिसलं. पट्टी कातडीला चिकटवायची, चष्म्याच्या काचेवर नाही, नाहीतर पोरगं वरून बघतं.

आडवाट

आमच्याकडे त्राटक करायला सांगतात. समईच्या ज्योतीकडे रोज दहा मिनिटं. त्याने होणार नाही का? आणि निळ्या कोटिंगचा चष्मा?

भिंगवाला

ज्योत साधारण १ मीटरवर असते. मुलाच्या दोन बाहुल्यांत साडेपाच सेंमी अंतर धरलं तर तिथे डोळे साडेपाच प्रिझमच आत वळतात. पुस्तकाच्या अंतरावर सुमारे १६ लागतात. ज्या ताकदीची उणीव आहे तिला ज्योतीने हातच लागत नाही. मनाला शांत वाटत असेल तर करा, तो विषय वेगळा. निळ्या कोटिंगचा या दोषाशी काही संबंध नाही.

आता ४० सेशन. या दोषावरची सर्वांत नीट झालेली चाचणी अमेरिकेतली, सीआयटीटी नावाची, २००८ मध्ये प्रसिद्ध झाली. ९ ते १७ वर्षांची २२१ मुलं, १२ आठवडे. क्लिनिकमध्ये आठवड्यातून एकदा तासभर आणि घरी आठवड्यातले ५ दिवस १५ मिनिटं, असं करणाऱ्यांपैकी ७३ टक्के मुलं बरी झाली किंवा सुधारली. घरी फक्त पेन्सिल नाकाकडे आणायचा व्यायाम करणारी ४३ टक्के, घरी कॉम्प्युटर आणि पेन्सिल ३३ टक्के, आणि क्लिनिकमध्ये तुलनेसाठी खोटी (उपयोग नसलेली) थेरपी घेणारी ३५ टक्के. म्हणजे दोन गोष्टी: घरच्या नुसत्या पेन्सिलीवर फार भिस्त ठेवू नका, आणि क्लिनिकच्या १२ ते १६ फेऱ्यांत बहुतेकांचं काम होतं. ४० चे पैसे आधी देण्याचं कारण मला दिसत नाही. चार-चार फेऱ्यांचे द्या आणि दर चौथ्या फेरीला आकडे परत मोजून कागदावर लिहून घ्या.

तक्रारीही मोजायच्या असतात. त्यासाठी १५ प्रश्नांची सीआयएसएस नावाची यादी आहे, प्रत्येकाला ० ते ४ गुण. मुलांत १६ किंवा त्याहून जास्त म्हणजे त्रास आहे. ती तुमच्या कागदावर दिसत नाही, सुरुवातीलाच भरून घ्या. थांबायचं केव्हा? एनपीसी ६ च्या आत, बेस-आउट १५ च्या वर आणि सरकण्याच्या दुप्पट, सीआयएसएस १६ च्या खाली. हे जमलं की थेरपी बंद, फेऱ्या उरल्या असल्या तरी. आठ फेऱ्यांत एकही आकडा हलला नाही तर निदानच परत तपासायचं.

प्रिझमचा वाचायचा चष्मा कोणी सुचवला तर थांबा. मुलांमध्ये तो साध्या काचेपेक्षा सरस ठरलेला नाही.

चौथीची_आई

कळलं, आभार. घरी करायचे व्यायाम सविस्तर सांगाल का? पेन्सिल दाखवलीय, पण बरोबर होतंय का कळत नाही.

भिंगवाला

पेन्सिलीवर एक बारीक अक्षर चिकटवा, पाठ्यपुस्तकातल्या टाइपाएवढं. नुसत्या जाड टोकाकडे बघत बसला तर फोकस न लावताही निभावतं. दुसरी पेन्सिल किंवा कॅलेंडरचा खिळा समोरच्या भिंतीवर, तिच्याच रेषेत. हातभर अंतरावरून सावकाश नाकाकडे आणायची. अक्षर स्पष्ट आणि एकच राहिलं पाहिजे, आणि त्याच वेळी मागची पेन्सिल दोन दिसली पाहिजे. मागची एकच दिसते म्हणाला तर मेंदूने एक डोळा बंद केलाय, मग तो व्यायाम फुकट. डोळे मिचकवायला लावा, पेन्सिल थोडी हलवा, मागची दोन झाली की पुढे. अक्षर दोन झालं की तिथेच थांबून एक करायचा प्रयत्न, नाही झालं तर थोडं मागे. तुम्ही समोर बसून डोळे बघा: बरेचदा एक डोळा बाहेर निसटतो आणि मुलगा मात्र "एकच दिसतंय" म्हणतो. त्याच्या तोंडापेक्षा डोळ्यावर विश्वास ठेवा.

याहून चांगली मण्यांची दोरी. पांढरी नाडी सुमारे ३ मीटर, त्यात तीन रंगांचे मोठे मणी. एक टोक दाराच्या कडीला, दुसरं नाकाच्या शेंड्याला, दोरी ताणलेली. मणी ४० सेंमी, दीड मीटर आणि शेवटच्या टोकाजवळ. ज्या मण्याकडे बघतो तो एक, बाकीचे दोन-दोन, आणि दोरीच्या दोन दोऱ्या होऊन त्या बरोबर त्याच मण्यात फुली मारतात असं दिसायला हवं. फुली मण्याच्या पलीकडे पडली तर डोळे पुरेसे आत वळले नाहीत. अलीकडे पडली तर जास्त वळले. एकच दोरी दिसली तर एक डोळा बंद आहे. प्रत्येक मण्यावर ५ मोजून पुढच्यावर उडी. जमायला लागलं की जवळचा मणी दर दोन-तीन दिवसांनी २-३ सेंमी आत घ्या.

रोज १५ मिनिटं, आठवड्यातून ५ दिवस. अभ्यास संपवून थकल्यावर करू नका, त्याच्या आधी करा. पहिला आठवडाभर कपाळ थोडं जास्त दुखू शकतं. रोजच वाढत गेलं तर थांबवून विचारा.

बाराखडी

"वाचनही सुधारेल" या वाक्यावर एवढंच सांगायचंय. सीआयटीटी गटानेच पुढे ही थेरपी आणि वाचन यांचा संबंध तपासला, १६ आठवडे, निकाल २०१९ मध्ये. डोळ्यांचे आकडे सुधारले, पण वाचून समजण्यात खोट्या थेरपीपेक्षा काही फरक पडला नाही. डोळे दुखायचे थांबले तर मूल जास्त वेळ बसेल, हे नक्की. त्याला वाचता येईल असं मात्र कोणी म्हणू नये. डिस्लेक्सिया हा ध्वनी आणि अक्षर यांच्या जोडणीतला दोष आहे, डोळ्यांतला नाही. डोळ्यांच्या व्यायामाने तो जात नाही, रंगीत काचांनीही नाही.

घरी अंदाज घ्यायचा असेल तर एक उतारा २४ पॉइंटच्या टाइपात छापा, आणि एक नेहमीच्या टाइपात. चुका पानाच्या शेवटाकडे वाढत असतील, घ-ध, भ-म, थ-य, नाहीतर अनुस्वार अशा बारीक खुणांवर होत असतील, आणि मोठ्या टाइपात किंवा एक डोळा झाकल्यावर कमी होत असतील, तर डोळ्यांकडे संशय जातो. मोठ्या टाइपातही, पहिल्याच ओळीत, सुट्टे शब्दही अडत असतील, जोडाक्षरं फुटत नसतील, आणि 'टमुली', 'गेसप' असे अर्थ नसलेले शब्द वाचताच येत नसतील, तर शिक्षणातल्या अडचणीची तपासणी हवी. वाचून दाखवलेलं समजतं ही खूण दोन्हीकडे असते, त्यावरून काही ठरवू नका. दोन्ही एकाच मुलात असणंही अगदी शक्य आहे.

मुंबईत सायन, केईएम, नायर या पालिका रुग्णालयांत ही तपासणी होते. तिथे डोळे आणि कान तपासल्याचे कागद आधी मागतात, म्हणजे थेंबांची तपासणी तशीही करावीच लागेल. पुढे बोर्डाच्या सवलतींसाठी लागणारा दाखला वयाच्या ८ वर्षांनंतरच मिळतो.

चौथीची_आई

थेंब कधी घालून घेऊ? पुढच्या गुरुवारी चाचणी परीक्षा आहे.

दुर्बीण

परीक्षा झाल्यावर, शुक्रवारी संध्याकाळी. सायक्लोपेंटोलेट असेल तर जवळचं साधारण एक दिवस धूसर, होमॅट्रोपिन एक ते तीन दिवस, ॲट्रोपिन असेल तर आठवडा किंवा जास्तही. आपल्याकडच्या काळ्या डोळ्यांना असर व्हायला वेळ लागतो, म्हणून थेंब पुन्हा घालतात आणि तासभर बसवून ठेवतात. घाई करू नका. थेंब घातल्यावर डोळ्याचा नाकाकडचा कोपरा मिनिटभर दाबून धरा, औषध घशात उतरत नाही. उन्हाची टोपी न्या. चेहरा लालबुंद झाला, ताप आला किंवा मूल बरळायला लागलं तर लगेच दवाखान्यात फोन.

आणि निघताना नंबराचा कागद मागा, थेंबांआधीचा आणि थेंबांनंतरचा, दोन्ही.