खारा वारा तोंडावर असताना ससाणे समुद्रात का शिरतात?

कलमवाला, मालगुंड
नमस्कार मंडळी. आमची कलमं सड्याच्या कडेला, खाली लगेच समुद्र. नोव्हेंबर संपत आलाय, मोहराची फवारणी चालू आहे. दुपारी पंप बंद करून बसलो होतो तर सड्यावर पन्नासेक पाखरं आली. कबुतराहून लहान, टोकदार पंखांची. चतुरांचे थवे होते, ते पायात पकडून उडता उडताच खात होती. मग गिरक्या घेत वर गेली, ठिपके झाली आणि सरळ पश्चिमेला निघाली. पश्चिमेला म्हणजे नुसतं पाणी! बरं, खारा वारा असा होता की फवारलेलं औषध माझ्याच तोंडावर येत होतं. सकाळची मतलई पाठीवर घ्यायची सोडून भर दुपारी वाऱ्याविरुद्ध का गेली? शेजारचे काका म्हणतात, भरकटली. पन्नास पाखरं एकदम, एकाच दिशेला भरकटतात होय?

दुर्बीणवाला, चिपळूण
अंग राखाडी, पाय आणि शेपटीखालचा भाग नारिंगी-तांबूस, उडताना पंखाखालची पुढची बाजू पांढरी? मग अमूर ससाण्याचा नर. सायबेरिया, चीनकडून येतात, नागालँड-मणिपूरला वाळवी खाऊन गुबगुबीत होतात आणि दक्षिण आफ्रिकेला जातात. फोटो असेल तर टाका.

तांडेल, हर्णै
कलमवाले, तुम्ही किनाऱ्यावरचा वारा धरून हिशेब करताय. खारा आणि मतलई हे किनाऱ्यापुरते. लाँच खोल पाण्यात गेली की ते दोन्ही संपतात. तिथे दिवाळीनंतर उत्तर-ईशान्येचा वारा, दिवसरात्र. पूर्वीची गलबतं याच वाऱ्यावर शीड भरून अरबस्तान-आफ्रिकेकडे जायची आणि पावसाळा लागायच्या आत उलट्या वाऱ्यावर परत यायची.
चतुर आम्हालाही भेटतात. किनारा दिसत नाही तिथे, रात्री दिवा लावला की दोरावर, केबिनच्या काचेवर बसलेले. खलाशी म्हणतात बर्फाबरोबर बंदरातूनच चढले असतील. एवढे?

मास्तर, रत्नागिरी
तांडेलांनी अर्धं उत्तर दिलंच आहे. उरलेलं अर्धं उंचीचं. दुपारी जमीन तापते, तिच्यावरची हवा वर चढते आणि तिची जागा घ्यायला समुद्रावरची गार हवा आत येते, हा खारा वारा. पण त्याचा थर काही शे मीटरचा, फार तर हजारभर मीटरचा. त्याच्या वर हवा उलटी समुद्राकडे वाहते, आणि या दिवसांत तिथे ईशान्य मोसमी वाराही असतो. तुमच्या तोंडावर औषध उडत होतं तेव्हा डोक्यावर बऱ्याच उंचीवर वारा आफ्रिकेच्या दिशेने चालला होता.
तिथवर पोचले कसे, ते तुम्हीच लिहिलंय: गिरक्या घेत. जांभा दुपारी तव्यासारखा तापतो. त्यावरून उठणाऱ्या गरम हवेत पंख पसरून गोल फिरलं की उंची फुकटात मिळते. सकाळच्या मतलईत अशी हवा उठत नाही. पंख मारून चढावं लागलं असतं, म्हणजे निघाल्या निघाल्या शिदोरी सोडली. पुढे समुद्रावर पंख मारायचेच आहेत.
शिदोरी म्हणजे चरबी. पक्षी जेमतेम दीडशे ग्रॅमचा. चरबीतून ग्रॅममागे पिठाच्या किंवा साखरेच्या दुपटीहून जास्त ऊर्जा मिळते, शिवाय ती जळताना जवळजवळ तेवढंच पाणी शरीरात तयार होतं. वाटेत प्यायला थेंब नाही, तेव्हा हे फार कामाचं. रत्नागिरीहून सोमालियाचा किनारा अडीच हजार किलोमीटरच्या आसपास. ताशी ५० किलोमीटरने ५० तास. मागून ताशी २० चा वारा मिळाला तर ३६ तासांच्या आत. चौदा तासांची चरबी वाचली! म्हणून मला या पाखराच्या ताकदीपेक्षा त्याच्या तारखेचं कौतुक जास्त. ऑगस्टात निघाला असता तर वारा समोरून होता. एप्रिल-मेमध्ये परततो तेव्हा वारा पुन्हा पाठीशी.
आणि या वाटेला पुरावा आहे. २०१३ साली नागालँडमध्ये तीन ससाण्यांच्या पाठीवर पाच-पाच ग्रॅमचे उपग्रह ट्रान्समीटर बसवले. नागा, पंगती आणि वोखा अशी त्यांची नावं. आदल्याच वर्षी तिथे जाळी लावून हे ससाणे हजारोंनी मारले जात होते. मग त्याच गावांनी शिकार बंद केली, हे मला त्या ट्रान्समीटरहून मोठं वाटतं.

कलमवाला, मालगुंड
मास्तर, वारा समजला. पण दीड-दोन दिवस झोप नाही? आणि यंदाच जन्मलेल्या पिल्लांना वाट कोण सांगतो?

मास्तर, रत्नागिरी
उडताना झोपेचं मोजमाप फ्रिगेट पक्ष्यांवर झालंय. पावसाळी वादळात आपल्या किनाऱ्यावर कधी येऊन पडतात, तेच ते. डोक्यावर मेंदूच्या लहरी टिपणारं यंत्र बसवलं होतं, अभ्यास २०१६ मध्ये छापून आला. हवेत असताना ते दिवसाला सरासरी ४२ मिनिटं झोपले, तेही काही सेकंदांच्या डुलक्यांनी, कधी अर्ध्या मेंदूने तर कधी पूर्ण.
वाटेबद्दल पेर्डेक या डच संशोधकाचा प्रयोग वर्गात सांगितला की मुलं हमखास गप्प होतात. हेगजवळ पकडलेले सुमारे ११,००० स्टार्लिंग, म्हणजे आपल्या साळुंकीचे भाऊबंद, त्याने विमानाने स्वित्झर्लंडला नेऊन सोडले. निकाल १९५८ मध्ये आला. आधी प्रवास केलेल्या पक्ष्यांनी दिशा बदलली आणि आपल्या नेहमीच्या मुक्कामाकडे वळले. पहिल्या वर्षाचे मात्र नेहमीच्याच दिशेला उडत राहिले आणि स्पेन-दक्षिण फ्रान्सला पोचले. कुठल्या दिशेला जायचं हे पिल्लू जन्मतः घेऊन येतं. आपण चुकीच्या जागेहून निघालोय हे मात्र त्याला कळत नाही.

तांडेल, हर्णै
आणि चतुर? खलाशांना काय सांगू?

मास्तर, रत्नागिरी
बर्फाबरोबर नाही चढले. मालदीवमध्ये गोडं पाणी साठत नाही म्हणावं इतकं कमी, तरी तिथे दर ऑक्टोबरात लाखोंनी चतुर उतरतात. चार्ल्स अँडरसन या तिथल्या समुद्री जीवशास्त्रज्ञाने २००९ मध्ये मांडलं की ते भारतातून याच वाऱ्यावर आफ्रिकेकडे जातात, आणि अमूर ससाण्यासारखे पक्षी त्यांच्यावर पोट भरत त्याच वाटेने जात असावेत.

तांडेल, हर्णै
चतुर बघितले, त्यांच्यामागे ससाणा कधी नाही. लाँचवर बगळा येऊन बसलेला बघितलाय. आता लक्ष ठेवतो, पण ते एवढ्या उंचीवरून जाणार तर आम्हाला खालून काय दिसणार कप्पाळ?

मास्तर, रत्नागिरी
खाली उतरला तर दिसेल. दिसला की तारीख, वेळ आणि जीपीएसचा आकडा लिहून ठेवा. वाऱ्याची दिशा तुम्हाला सांगायला नकोच.